यानं मैदान राहील काय?

किस्से काही मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तीन-चार चक्रम माणसं एका खोलीत कोंडली की ते आपोआप साचतात, माळ्यावरच्या पसाऱ्यासारखे. आमच्या वर्गात शिकणारे आम्ही तिघं आणि शिकवणारे एक सर. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर आले!

कोर्सचं नाव 'आंतरराष्ट्रीय क्रीडा विकास आणि राजकारण'. पालघरच्या एका कॉलेजात, जिन्याखालच्या खोलीत चालणारा एम.ए. मी शिरगावची. केतन बोईसरच्या एका शाळेत पीटी शिकवतो आणि सालवडला राहतो. आणि तिसरी कुंदा, दातिवऱ्याच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातली. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले सरपंच मला ओळखतात आणि या गोष्टीत ते पुढे येणार आहेत.

पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "हा कोर्स का घेतलात?"

मी 'ग्लोबल दृष्टिकोन' वगैरे काहीतरी ठोकून दिलं. केतन सरळ म्हणाला, "प्रमोशन." कुंदा म्हणाली, "मैदान वाचवायचंय."

बंदराजवळच्या मोकळ्या जागेत ती गावातल्या पोरींना कबड्डी शिकवते. शनिवार-रविवारी येणाऱ्या गाड्यांसाठी पंचायतीला तिथं पार्किंग करायचं होतं. झालं! त्या दिवसापासून सरांनी कुठलीही थिअरी शिकवली, सॉफ्ट पॉवर म्हणा, क्रीडा मुत्सद्देगिरी म्हणा, कुंदा शेवटी हात वर करायची.

"सर, यानं मैदान राहील काय?"

"थेट नाही, कुंदा."

"बरं." आणि पेनाला टोपण लावायची.

*

आमच्या घरी मला बघायला बोईसरहून पाहुणे आले. मुलाच्या काकांनी चौकशी सुरू केली.

"खेळात एम.ए. म्हणजे तुम्ही खेळता काय?"

"नाही."

"मग शिकवता?"

"नाही. खेळामागचं राजकारण असतं ना, ते शिकते."

काका जरा सावरून बसले. चहा अर्धा टाकूनच उठले. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, "मुलगी चांगली आहे, पण आमच्या घरात पुढारी आधीच एक आहे, दुसरा परवडणार नाही!"

तेव्हापासून बाबा चिकूच्या झाडांशीच बोलायला लागले. माझ्याशी नाही.

*

केतनचा विषय 'खेळातून सलोखा'. त्याच्या चाळीत स्थानिक माणसं आणि कारखान्यात काम करणारे बिहारकडचे कामगार यांची नळावरून रोज जुंपायची. केतनला वाटलं, संधी चालून आली! त्यानं दोन्ही बाजूंची फुटबॉल मॅच ठेवली आणि रेफ्री स्वतःच झाला.

शेवटच्या मिनिटांत त्यानं एक पेनल्टी दिली. ती का दिली, हे त्याला आजही सांगता येत नाही. ज्यांना मिळाली त्यांनाही ती पटली नाही! दोन्ही टीम त्याच्यामागे धावल्या. केतन एका टपरीच्या मागे लपला आणि तिथून त्यानं ऐकलं. बिहारी कॅप्टन चहा पिता पिता म्हणत होता, "ई रेफरी तो दोनों का दुश्मन है, भैया!" आणि आपला कॅप्टन त्याला म्हणत होता, "बरोबर बोलतो तू. अजून एक कटिंग घे."

वर्गात प्रेझेंटेशन करताना केतन म्हणाला, "सर, थिअरी एकदम बरोबर आहे. चाळीत सलोखा झाला. आता फक्त मला नळावर जाता येत नाही."

कुंदानं विचार केला. "आमच्यात आधीच सलोखा हाय. मैदान तरी जातंय."

*

मोठ्या स्पर्धा संपल्यावर मागे काय उरतं, यावर परदेशातल्या एका पाहुण्या प्राध्यापकांचं ऑनलाइन लेक्चर होतं. स्टेडियमं, रस्ते, नुसती धूळ खात पडलेले स्विमिंग पूल. शेवटी त्यांनी विचारलं, तुमच्या भागात काय उरतं?

कुंदा उठली. सर इंग्रजीत सांगत गेले.

"आमच्याकडं एका पुढाऱ्यानं क्रिकेटची टूर्नामेंट भरवली हुती. सगळ्यांना त्याच्या फोटोची टीशर्ट दिलन. तो पडला इलेक्शनला. टीशर्ट अजून फाटली नाय. माझा बाप तीच घालून होडीवर जातो."

पाहुण्यांनी हे लिहून घेतलं! त्यांच्या पुढच्या लेक्चरात ते आलं असणार, याबद्दल मला शंका नाही.

*

मग जागतिक स्पर्धेचं यजमानपद कुणाला, याची मॉक सभा. बी.ए.ची पोरं प्रतिनिधी, प्रत्येकासमोर एकेका देशाची पाटी. एका शहरातर्फे केतन, दुसऱ्या शहरातर्फे कुंदा आणि मी. सर म्हणाले, "लॉबिंग करा. पण अभ्यासपूर्ण."

केतननं मन लावून चाळीसएक स्लाइड केल्या. सकाळी तो टाय लावून उभा राहिला तर समोर नुसत्या पाट्या! सगळं जग गायब.

जग आमच्या शिरगावच्या वाडीत होतं. कुंदानं एक टेम्पो ठरवून सगळ्यांना भल्या सकाळी उचललं होतं. आमच्याकडे पंचायतीत महत्त्वाची निवडणूक असली की मेंबरांना आधी सहलीला नेतात आणि थेट मतदानालाच परत आणतात. मतदानाची दुसरी काही पद्धत असते, हे कुंदाला माहीतच नव्हतं. फोन तिनं काढून घेतले होते. फ्रान्स आईला फोन करायचा म्हणून रडकुंडीला आला, तरी तिनं दिला नाही! बाबांनी मात्र सगळ्यांना कोंबडी-भाकरी वाढली. त्या दिवसापासून ते माझ्याशी परत बोलायला लागले.

बरोबर मतदानाच्या वेळेला टेम्पो कॉलेजच्या दारात. एकूण एक मत आमचं.

सर लाल झाले. "ही लोकशाहीची थट्टा आहे!"

स्क्रीनवर तेच परदेशी पाहुणे बसले होते. ते हळूच म्हणाले, "मी आजवर पाहिलेल्या मॉक सभांमध्ये सगळ्यात खरी हीच."

मी आनंदानं कुंदाला मिठी मारली. "बघ, यानं राहील मैदान!"

"कसलं राहतंय," ती म्हणाली. "आमचे मेंबर कालच सहलीवरनं आलेत. पार्किंगवाल्याच्या."

ती पहिल्यांदाच रडताना दिसली. केतननं टाय काढून तिला डोळे पुसायला दिला.

*

पार्किंगचा ठराव पास झाला. जागेच्या मोजणीच्या दिवशी मी आणि केतन तिच्या गावी गेलो. आम्ही घोषणा पाठ करून आलो होतो. पण ओरडायला जागाच नव्हती! बंदराजवळचं ते मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळ्यानं, म्हणजे बारीक कोळंबीनं भरलेलं. गावातल्या बायांनी पहाटेच पसरून टाकलेला. सुकत घातलेल्या मासळीवर त्या गावात कुणी पाय देत नाही. म्हातारं नाही, पोर नाही, पाव्हणा तर नाहीच.

पार्किंगचा ठेकेदार टेप घेऊन आला. त्यानं पाऊल उचललं आणि सरपंच स्वतःच ओरडले, "अरे, पाय काढ! खायची वस्तू हाय!"

मग त्यांनाच उमगलं आपण काय बोललो ते. ते कडेला उभे राहून गरजले, "कोणाचा हाय हा जवळा? उचला आधी!"

कुंदा म्हणाली, "ज्याचा हाय त्याला सांगा ना, काका."

"कोणाचा हाय?"

मैदानाच्या पार मधोमध वाकून जवळा परतणारी एक बाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली. सरपंचांची बायको. त्यांची मुलगी कुंदाच्या टीमची रेडर आहे.

"आपलाच हाय!" ती म्हणाली. "उचलायला येताव काय?"

त्या दिवशी मोजणी झाली नाही. पुढे कधीच झाली नाही. आता तिथं दिवसा जवळा सुकतो, आणि संध्याकाळी झाडून घेतलं की पोरी कबड्डी खेळतात.

*

कुंदाच्या तोंडी परीक्षेला पुण्याहून एक गंभीर चेहऱ्याचे परीक्षक आले होते. आम्ही दाराला कान लावून उभे.

"या प्रकल्पात तुमचं इंटरव्हेन्शन नेमकं काय होतं?"

"जवळा."

"बरं. हे मॉडेल शाश्वत आहे का?"

"पावसाळ्यात नाय, सर. पण पावसाळ्यात गाड्या तरी कुठं येतात?"

"हं. सरपंचांनी पार्किंगचा ठराव स्वतः मांडला होता आणि स्वतःच मागे घेतला, असं तुम्ही म्हणता. मग त्यांच्या भूमिकेत हा बदल कोणत्या टप्प्यावर घडून आला?"

"दुपारी जेवायला घरी गेले, सर."