गुलाबाची बोरं दोनदा गाळायची

आम्ही दोघा नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे काटे टोचून घेत बोरं तोडणं.

इंग्लंडात बेसिंगस्टोकला आमच्या घरामागून शेताकडे एक पायवाट जाते. तिच्या कडेला रानगुलाब माजलाय. जूनमध्ये फिकट फुलं येतात, तिकडे कोणी बघत नाही. ऑक्टोबरात पानं गळायला लागली की लालभडक फळं दिसतात, करंगळीच्या पेराएवढी. इंग्रज त्यांना रोजहिप म्हणतात. आमच्या घरात ती गुलाबाची बोरं. नाव बायकोनेच ठेवलं.

त्या नावापायी एकदा आमची चांगलीच जिरली. इथे नवीन होतो. बोरं म्हटल्यावर मीठ घेऊन गेलो आणि झुडपापाशी उभं राहून बोरासारखीच चावली. आत बिया, आणि बियांना बारीक कुसळं. खाजकुयलीच ती. दोघंही खाकरत घरी आलो. शेजारची इंग्रज म्हातारी पोट धरून हसली, आणि मग तिनेच शिकवलं. उकळायची, ठेचायची, फडक्यातून गाळायची. फडकं धुवायचं आणि पुन्हा गाळायची. एकदा गाळून कुसळं जात नाहीत. लढाईच्या काळात संत्री मिळेनात तेव्हा शाळेतली पोरं ही फळं गोळा करायची म्हणे, लहान मुलांना पाक पाजायला.

आमच्या हिने त्यात साखरेऐवजी गूळ घातला, वेलची घातली. खोकला झाला की चमचाभर गरम पाण्यातून. थोडा रस बिनगुळाचा काढून त्याचं सार करायची, वर तुपात जिऱ्याची फोडणी. कोकम इथे दुकानात मिळतं की. पण पाकिटातलं आंबट ते आंबट नव्हे म्हणायची.

मी शिकलो सातवीपर्यंत, आणि जन्म गेला डेपोत बस धुण्यात. वर हात करून काम करायची सवय, म्हणून उंच फांद्या माझ्या. गाळायचं काम तिचं. त्याला तिने माझा जुना पंचा घेतला होता. "पंचा तरी कामाला आला," म्हणायची माझ्याकडे बघून.

त्या दिवशी दुपारी ऊन होतं. ती सारखी थांबत होती. हृदयाच्या गोळ्या चालूच होत्या, त्यामुळे थांबणं नवं नव्हतं. मी चल म्हटलं तर पिशवी भरू दे म्हणाली. वर मलाच झापलं, मऊ घेऊ नका, घट्ट बघून घ्या. घरी येऊन तिने बोरं धुतली, परातीत पसरली आणि हात पुसत म्हणाली, "आज दमले हो. उद्या करू."

संध्याकाळी खुर्चीत चहा पिता पिता मेली. सगळे म्हणतात, गेली. कुठे गेली? मेली.

मुलगी साउथहॅम्प्टनहून रात्रीच आली. सकाळी पुण्याहून माझ्या बहिणीचा फोन आला, तो तिनेच घेतला. अग्नी देईपर्यंत घरात चूल पेटवायची नाही, असं आत्याने बजावलं होतं. ते मला माहीत नाही होय? माझा बाप मेला तेव्हा आमचीही चूल बंद होती. सकाळी मेला, दुपारपर्यंत नदीवरून परत आलो, शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणली. इथे फ्युनरलवाला फोनवर म्हणाला, क्रिमेटोरियमची तारीख मिळायला दोन-तीन आठवडे लागतील.

मुलगी इथेच जन्मलेली, पण आईपेक्षा जास्त पाळते. शेजाऱ्यांचा डबा येणार आहे म्हणाली, आणि परातीकडे वळली. रात्रीत काही बोरं मऊ पडली होती.

"बाबा, हे मी बिनमध्ये टाकते. खराब होईल."

"हात लावू नकोस."

मग फ्रीजरमध्ये ठेवू या म्हणाली, फ्युनरल झाल्यावर बघू. शहाणपणाचंच बोलत होती. फ्रीजरमध्ये बोरं टिकतात, ते मलाही ठाऊक आहे. पण तीन आठवड्यांनी तो डबा कोण उघडणार? मी उघडला नसता. आणि मी मेल्यावर मुलीने तो बाहेर काढून फेकला असता, आत काय आहे ते न बघता.

"तुझी आई उद्या करू म्हणाली होती," मी म्हटलं. "आज उद्या आहे."

"आणि आत्या?"

"आत्याला सांग, बापाने ऐकलं नाही."

मी गॅस पेटवला. ती दारातच उभी राहिली, तोंड फिरवून. पाणी किती घालायचं ते मला माहीत नव्हतं. बोरं बुडतील इतकं घातलं. शिजल्यावर पळीने ठेचली. पंचा ओट्याखालच्या खणात घडी करून ठेवलेला होता, जुन्या रसांनी तांबूस झालेला. तो पातेल्यावर धरला, पण एका माणसाला धरणं आणि ओतणं जमेना. तेव्हा मुलगी आली. तिने दोन टोकं धरली. रस खाली पडायला लागला, टोमॅटोच्या सारासारखा.

"झालं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. पंचा नळाखाली धुतला, उलटा करून झटकला आणि पुन्हा एकदा गाळलं.