पादरी बंगल्यातलं ऑफिस

चार माणसं एका छताखाली वर्षानुवर्षं बसली की किस्से जमतातच. आमचं छत तर तीन पुरुष उंच, त्यामुळं मावायलाही भरपूर जागा!

दिग्रसच्या बाहेर एक जुना पादरी बंगला आहे. पादरी केव्हाच गेले. माझ्या नोकरीच्या काळात तिथं आमचं छोटं सरकारी ऑफिस होतं, बियाणं-फवारणीच्या कामाचं. मी क्लार्क, ढोके साहेब मूळचे वणीचे, राठोड फिल्डवरचे, आणि शिपाई कौसल्याबाई. वर्षं कापसाची वाईट. बोंड फुटायच्या आधीच अळी आत. बाहेर ऊन भाजून काढायचं. आत मात्र दीड हात जाडीच्या भिंतींमध्ये दुपार पाण्याखाली असल्यासारखी हळूहळू सरायची.

*

हॉलच्या भिंतीत विस्तव पेटवायचा मोठा कोनाडा होता, वर छपराच्या कवेलूंबाहेर निघालेलं धुराडं. दिग्रसमध्ये शेकोटी! बांधणाऱ्या पादऱ्याला आपल्या गावच्या थंडीची आठवण येत असावी.

कौसल्याबाईंनी त्यात माठ ठेवला. धुराड्यातून सारखी हवा खेळायची, पाणी गारेगार!

एकदा वरचे मोठे साहेब आले. एक घोट घेतला आणि खूश. "फ्रीज घेतला वाटतं?"

"नाही साहेब," कौसल्याबाई म्हणाल्या, "पादऱ्याच्या चुलीत ठेवलं!"

*

मागच्या बाजूला कमानीच्या छताची लांब पडवी होती. तिची एक गंमत होती. या टोकाला भिंतीशी कुजबुजलं की त्या टोकाला भिंतच बोलल्यासारखं ऐकू यायचं. राठोडांना हे ठाऊक नव्हतं.

एका दुपारी ते तिथं उभे राहून बायकोशी मोबाईलवर बोलत होते. "गावात जावं वाटत नाही आता. लोकायच्या तोंडाकडं पाहवत नाही. मले बदली पाहिजे."

फोन ठेवला, तेवढ्यात भिंतीतून हळूच आवाज आला, "मलेही."

राठोड दचकून वळले. पार त्या टोकाला ढोके साहेब भिंतीला टेकून उभे होते.

बदलीचा अर्ज मात्र दोघांनीही केला नाही.

*

मग नवीन इमारतीचं निघालं. हा बंगला धोकादायक आहे असा रिपोर्ट आला की लगेच पाडायचा. इंजिनिअर ऐन मे महिन्यात आले, टेप घेऊन. भिंती मोजल्या, सागवानी तुळया ठोकून पाहिल्या. मग रिपोर्ट लिहायला खिडकीच्या कोनाड्यात बसले. भिंत इतकी जाड, की कोनाड्यात माणूस आरामात आडवा व्हायचा.

झालेही! बारा ते चार. आम्ही चपला हातात घेऊन चालत होतो.

उठले, चहा घेतला आणि एका दमात लिहिलं, 'इमारत मजबूत असून वापरास योग्य आहे.'

जाताना म्हणाले, "घरी दोन कूलर आहेत, पण अशी झोप नाही हो!"

*

हिवाळ्यात जवळच्या जिनिंग कारखान्यातला रुईचा, कापसाच्या तंतूंचा भुरका छताजवळच्या रोशनदानातून आत यायचा. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात तरंगत तरंगत फायलींवर उतरायचा. फॉर्म भरायला आलेली माणसं बाकावर बसून नुसती वर बघत राहायची. कोणी घाई करत नसे.

एका आजोबांनी विचारलं, "बाई, इतक्या वर खिडक्या कायले? हात तर पुरत नाही."

"गरम हवा बाहेर जाते त्यातून," कौसल्याबाई म्हणाल्या.

आजोबा बराच वेळ वर बघत बसले. "माह्या पोराच्या डोक्याले पाह्यजे होती अशी एक!"

*

आणि हा किस्सा किसनरावांचा. घरात बापजाद्यांपासून गवंडीकाम, जोडीला तीन एकर कापूस. दोन वर्षं लागोपाठ पीक गेलं, आणि त्यांनी बोलणंच सोडलं. बायको, सुमनबाई, त्यांना हाताला धरून नुकसानीचा फॉर्म भरायला घेऊन आली.

साहेबांनी नाव विचारलं. किसनराव साहेबांच्या मागं भिंतीकडं बघत होते.

"पोळ्यापासून बोलूनच नाही राह्यले," सुमनबाई म्हणाली. "तुमी मलेच विचारा." तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

मी फॉर्म भरत होते. ती सांगत होती. किसनराव उठले आणि साहेबांच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. आधी तळवा ठेवला. मग बोटाच्या पेरानं टकटक केलं. कान लावला. पुन्हा टकटक.

"सिमेंट कोनं लावलं इथं?"

माझा पेन थांबला. सुमनबाईनं तोंडावर पदर धरला.

"चुन्याची भिंत आहे ही," किसनराव भिंतीकडेच बघत म्हणाले. आवाज घोगरा, गंजलेला. "सिमेंटानं ओल आत कोंडते. जीव घुसमटते ना तिचा! काहून लावलं?"

ढोके साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. "म्या लावलं. पोपडे निघून राह्यले होते म्हणून. चुकलं माह्यं."

"काढा लागन हे."

"काढू."

सुमनबाईनं डोळे पुसले, आणि नवऱ्याकडं बघत, हात जोडून म्हणाली,

"साहेब, अजून कुठं कुठं सिमेंट लावलं असन, तर दाखवा ना यायले!"