जरीनाचा मोठा काफ

जरीना शिकलगारीण बोलायला लागली की दोन गल्ल्या पलीकडं कळायचं. त्यात तिचा दोष नव्हता. बाप गौस शिकलगार दारातच धारेचं चाक मांडून बसायचा. विळ्या, अडकित्ते, न्हाव्याचे वस्तरे, शिंप्याच्या कात्र्या असं काय काय दिवसभर त्या चाकावर करकरत असायचं. त्या करकरीच्या वर आवाज चढवला तरच त्या घरात भाकरी मिळायची. हळू बोलणं म्हणजे न बोलणंच. आई रशिदाबी तर चुलीपुढनं मुलांना हाक मारायची ती कोपऱ्यावरच्या म्हशीसुद्धा मान वर करून ऐकायच्या.

घरात बोलणं मुसलमानी, उंबऱ्याबाहेर मराठी. पण दोन्हीची चाल एकच, कोल्हापूरची. रांगडी, मोकळी, शब्द चावून न बोलता सरळ समोरच्याच्या अंगावर टाकायची.

असली गळ्याची पोरगी पुढं नटी झाली आणि पहिली दहा-अकरा वर्षं तिला एक अक्षर बोलायला मिळालं नाही.

गल्लीच्या तोंडाला झुंबरबाई राहायची. स्टुडिओत गर्दीच्या सीनला बायका पुरवणं हा तिचा धंदा. त्या वर्षांत कोल्हापुरात एकामागनं एक मराठी पिक्चर निघायचे आणि प्रत्येकात गाव लागायचं. गाव म्हटलं की पाणवठा आला, आणि पाणवठा म्हटला की घागरी घेतलेल्या दहा बायका आल्या. चौसष्ट साली जरीना पंधरा वर्षांची असताना झुंबरबाईनं तिला नेली, लुगडं नेसवलं आणि डोक्यावर घागर दिली.

"चालायचं, लाजायचं, बोलायचं न्हाय," झुंबरबाईनं सांगितलं.

पहिल्याच दिवशी मागच्या बाईची घागर हिच्या पाठीला लागली आणि ही वसकली, "आगं ये, डोळं फुटलं काय?" कॅमेरा थांबला. डायरेक्टर खुर्चीतनं उठून ओरडला, "ती घागर कोण बोलली?" तेव्हापासनं स्टुडिओत तिचं नावच पडलं, बोलकी घागर. जरीना पुढं कधी पाटलिणीच्या मागं उभी राहिली, कधी मयताला रडली, कधी जत्रेत बांगड्या भरून घेत बसली. रडायची तर अशी की बघणाऱ्यानं डोळ्याला पदर लावावा. पण बोलणाऱ्या बायका पुण्या-मुंबईच्या असायच्या. त्या येऊन बोलून जायच्या आणि जरीना मागं घागर घेऊन उभी. तिला वाटायचं, एकदा, नुसतं एकदा माझ्या तोंडाकडं कॅमेरा आला पाहिजे आणि मी बोललं पाहिजे. लई न्हाय, चार वाक्यं.

मधल्या काळात तिचं लग्न झालं. दिलदार एसटीच्या वर्कशॉपात फिटर होता. गाडीखाली आडवं पडून काम करणारा, उताणा माणूस जसा निवांत दिसतो तसाच स्वभावानंही निवांत. बायको स्टुडिओत जाते म्हणून त्याच्या भावकीनं नाकं मुरडली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तिथं ती गप उभी ऱ्हाती. जगात एवढी एकच जागा हाय. जाऊ दे की."

पंचाहत्तर साली जोतीराम गावाकडं आला. हा पूर्वी स्टुडिओत नटांची तोंडं रंगवायचं काम करायचा, तीन वर्षांपूर्वी मुंबईत टीव्ही सुरू झाल्यावर तिकडं गेला होता. कोल्हापुरात तेव्हा टीव्ही कुणी बघितलेला नव्हता. जोतीरामनं हातानं चौकोन करून दाखवला, "एवढी पेटी असती. तिच्यात माणसं."

चहा पिता पिता तो जरीनाला म्हणाला, "वैनी, आमच्याकडं उर्दू नाटकं हुत्यात. एका नाटकाला विधवा पायजे. रडणारी. तिकडच्या पोरी रडाय लागल्या की सर्दी झाल्यागत वाटतंय. तुमच्या घरात उर्दूच बोलत्यात न्हवं?"

"व्हय की," जरीना म्हणाली. तिला तरी काय ठाऊक? घरात जे बोलतो ते मराठी नव्हे, मग ते उर्दूच असणार.

दिलदारकडं बघितलं तर तो म्हणाला, "जा की. हितं बोलतीस त्यातलं निम्मं तिकडं बोललीस तर मला जरा इस्वाटा."

नाटक बसवणारे नक्वीसाहेब लखनौचे. पांढरा कुडता, बारीक आवाज, समोरच्याला पानाचा विडा द्यावा तसं एकेक वाक्य अदबीनं पुढं करायचे. नाटकातल्या विधवेवर सासरच्यांनी चोरीचा आळ घेतलेला असतो आणि ती चार वडीलधाऱ्यांपुढं उभी राहून शपथ घेते. वाक्य होतं, "मैं क़सम खाती हूँ, इस घर से मैंने कुछ नहीं लिया."

जरीना उभी राहिली. पदर ओढला. डोळ्यांत पाणी आणलं, खरंखुरं. आणि भरल्या गळ्यानं म्हणाली, "मैं खसम खाती हूँ..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. वडीलधारे झालेले चारी नट मांडीवर थापा मारत होते, दिवेवाला शिडीवर लटकून हसत होता. जरीनाला कळेना. आपण रडतोय आणि हे हसतात कशाला?

जोतीरामनं बाजूला घेऊन सांगितलं, "वैनी, क़सम म्हंजे शपथ. खसम म्हंजे नवरा. तुम्ही म्हणालाय, मी नवरा खाती."

जरीना आधी स्वतःच खो खो हसली. विधवा बाई चारचौघांत उभी राहून सांगते, होय, मीच खाल्ला. मग हसू ओसरलं. कारण नक्वीसाहेब हसले नव्हते. त्यांनी जवळ येऊन समजावलं, हा क साधा नव्हे, उर्दूतल्या मोठ्या काफाचा, ते अक्षर घशाच्या तळातनं येतं. जरीनानं पुन्हा म्हटलं. खसम. आणखी एकदा. खसम. जीभ ऐकेनाच. आई तसंच बोलायची, आजी तसंच बोलायची. कोल्हापूर-मिरजेपासनं पार हैदराबादेपर्यंत अख्खा मुलूख त्या क चा ख करत आलेला. कलमाला खलम, वक्ताला वखत. एकट्या जरीनानं काय करायचं?

"बीबी, चेहरा आपका, आँसू आपके, सब ठीक," नक्वीसाहेब म्हणाले. "अगले हफ़्ते रिकॉर्डिंग है. ये लफ़्ज़ न निकला तो पार्ट सलमा करेगी. आप पानी लानेवाली का कर लीजिएगा."

सलमा बाजूलाच उभी होती, मुंबईची पोरगी. तिचा क़ असा सहज पडायचा, आडात खडा पडावा तसा. आणि पानी लानेवाली म्हणजे काय ते जरीनाला कुणी सांगायला नको होतं. मुंबईतही घागरच.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं ती कोल्हापूरला परत आली ती तडक मशिदीच्या ओट्यावर गैबीचाचांकडं. म्हातारे गैबीचाचा गल्लीतल्या पोरांना कुराणाचा सिपारा शिकवायचे. जरीनाही लहानपणी तिथंच शिकलेली. सगळं ऐकून चाचा म्हणाले, "सिपारा वाच."

तिनं पाठ होता तेवढा म्हटला. जिथं जिथं मोठा काफ आला तिथं तिथं तो घशाच्या तळातनं सणसणीत निघाला.

"ह्यो कुठनं आला मग?" चाचा म्हणाले.

चाचा पुढं सरकले. "आता बोल, क़सम."

"खसम."

"हात् तुझी!" चाचांनी कपाळाला हात लावला.

मग गल्लीला दुसरं काम उरलं नाही. जरीना भांडी घासताना क़, धुणं पिळताना क़. झुंबरबाई दारात येऊन विचारायची, "काय गं, चिलापीचा काटा अडकलाय काय घशात? भाताचा गोळा गीळ कोरडा." रशिदाबीनं घशाला हळद-गूळ दिला. दिलदार जेवता जेवता ताट बाजूला ओढायचा, "आजून किती येळा नवरा खाणार हायस? मी काय पुरतोय व्हय रोज?"

निघायच्या आदल्या दुपारी ती रडकुंडीला येऊन चाचांपुढं बसली. "चाचा, सिपाऱ्यात निघतोय. बोलायला गेलं की ख व्हतोय."

चाचांनी तंबाखू मळली, मळता मळता विचार केला. "बेटी, सिपारा कुणापुढं म्हणतीस?"

"अल्लापुढं."

"म्हणून सांभाळून म्हणतीस. आन् बोलतीस गल्लीपुढं, म्हणून सोडून देतीस. आता मला सांग, शपथ कुणापुढं घ्यायची असती?"

एवढं बोलून चाचा उठून नमाजाआधीचा वजू करायला गेले.

रिकॉर्डिंगच्या दिवशी सलमा ओळी पाठ करून कोपऱ्यात तयार बसली होती. दिवे लागले. वडीलधारे बसले. जरीना म्हणाली, "मैं..." आणि थांबली. समोरच्या चार नटांना तिनं नजरेतनं काढून टाकलं. ओटा आठवला, सिपारा आठवला, घशाच्या तळाशी गेली, अक्षर चाचपडलं. जोतीराम पावडरीचा पफ हातात तसाच धरून उभा. आणि मग निघालं, "...क़सम खाती हूँ, इस घर से मैंने कुछ नहीं लिया."

कुणी हसलं नाही. नाटकातल्या थोरल्या दिराचं वाक्य होतं, तो बोलायचंच विसरला आणि मग घाईनं बोलला.

संपल्यावर नक्वीसाहेब जवळ आले. "बीबी, वो ठहराव! वो कहाँ से लाईं?"

"हर्फ ढूँढ रही थी, साब," जरीनानं खरं ते सांगितलं, अक्षर शोधत होते.

नक्वीसाहेबांना वाटलं ही विनय करते. दुसऱ्या नाटकाला त्यांनी तिला पुन्हा बोलावलं, मग तिसऱ्याला. महिन्या-दोन महिन्यांतनं जरीना महालक्ष्मीत बसायची. विधवा झाली, सावत्र आई झाली, मुलाला वकील करणारी धोबीण झाली. उर्दू नाटकं बघणाऱ्या लोकांत बोललं जाऊ लागलं की ही बाई शब्दाआधी थांबते, आणि त्या थांबण्यात सगळं असतं. ती कशासाठी थांबते ते फक्त कोल्हापूरच्या एका गल्लीला ठाऊक होतं. दरवेळी ती येऊन चाचांपुढं आपल्या ओळी म्हणायची, आणि जिथं मोठा काफ यायचा तिथं चाचा बोट वर करायचे. चाचा गेल्यावर तिचं तिलाच बोट वर करायला लागलं.

चारेक वर्षांत जीभ वळली. अक्षर शोधायची गरज उरली नाही, वाक्य सरळ धावायला लागलं. तर नक्वीसाहेबच आतनं ओरडले, "बीबी, रुकिए! आपका ठहराव कहाँ गया?" तेव्हापासनं ती मुद्दाम थांबायला लागली. मनात म्हणायची, जमत नव्हतं तेव्हा नटी होते, आता जमतंय तर सोंग करायला लागतंय.

कोल्हापुरात यातलं कुणी काही बघितलं नव्हतं. मुंबईची पेटी इथं दिसायची नाही. मंडईत बायका विचारायच्या, "टीव्हीत असतीस म्हणं? कुठनं बघायचं? पन्हाळ्यावर चढून?" जरीना हसून मेथीची जुडी उचलायची. पण आईनं तरी एकदा ऐकावं, असं तिला वाटायचं. रशिदाबीनं उभ्या जन्मात मिरजेपलीकडं पाऊल टाकलं नव्हतं.

पंच्याऐंशी साली टीव्ही कोल्हापूरला दिसायला लागला. झुंबरबाईचा जावई वारणेच्या साखर कारखान्यात होता, त्यानं सासूला पेटी आणून दिली. एका रविवारी दुपारी जरीनाचं नाटक लागणार असं कळलं आणि झुंबरबाईच्या घरापुढच्या सोप्यात मुंगीला जागा उरली नाही. रशिदाबीला पुढं, पाटावर बसवली. दिलदार दाराला टेकून उभा.

पेटीत जरीना दिसली. पोरं ओरडली, बायकांनी कौतुकानं कानशिलावर बोटं मोडली. मग ती बोलायला लागली आणि सोपा गप झाला. हळू, गोड, नितळ उर्दू.

रशिदाबीनं मान वळवली. "तोंड तुझं हाय. बोलतीया कोण?"

"मीच की, अम्मा."

"झूट. तू अशी कवा बोलतीस?"

"आगं रशिदाबी," झुंबरबाईनं पिक्चरलाईनीतलं शहाणपण सांगितलं, "असल्या धंद्यात आवाज दुसरीचा चिकटीवत्यात. मी बघितलंय."

"आसं व्हय," रशिदाबी म्हणाली आणि पुन्हा पेटीकडं बघायला लागली. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

जरीनाला ते झोंबलं. मुंबईतल्या लोकांना पटला, लखनौच्या माणसाला पटला, तो आवाज सख्ख्या आईला परका वाटावा? ती उठली आणि पेटीच्या शेजारी, लोकांकडं तोंड करून उभी राहिली. पेटीकडं बघायची गरज नव्हती. पुढचं वाक्य कधी येतं ते तिला श्वासासारखं ठाऊक होतं.

"क़ुसूर मेरा था," पेटीतली जरीना म्हणाली आणि सोप्यातली जरीनाही म्हणाली. पेटीतली थांबली. सोप्यातली थांबली. पोरं एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती. "और सज़ा भी मैं ही क़बूल करूँगी." दोन्ही तोंडांतनं एकच आवाज, एकाच वेळी, आणि मोठा काफ एकाच खोलीवरनं वर आलेला.

झुंबरबाई पुटपुटली, "हिचाच हाय बाई."

तोंडातल्या तोंडात रशिदाबीनं एकदा करून बघितलं, "खबूल." जमलं नाही. परत केलं नाही.

"मग माझ्यासंगट अशी का बोलत न्हाईस?" तिनं विचारलं.

"तुझ्यासंगट थांबून थांबून बोलाय लागंल, अम्मा. दम हाय व्हय तुला तेवढा?"

रशिदाबीनं विचार केला. "न्हाय," ती म्हणाली. "सरक आता बाजूला. दिसंना झालंय."