सत्काराचं पाकीट

"फी? कसली फी?" साहेब म्हणाला. "तुझ्याच लोकांना मी नोकऱ्या दिल्या. खरं तर तूच मला पेढे आणून द्यायला हवेस."

आणि हसला. शेजारी उभा असलेला मॅनेजरही हसला. पगार चालू राहावा म्हणून माणसं हसतात, तसं.

मी त्याच्या रिसॉर्टच्या रिसेप्शनमध्ये होते. समोर पांढरेशुभ्र सोफे, सगळे रिकामे. आल्या आल्या मी एकावर टेकायला गेले, तर मॅनेजर धावत आला. "मॅडम, ते गेस्टसाठी आहेत." मग वॉचमनचं प्लास्टिकचं स्टूल आणून चपलांच्या रॅकपाशी ठेवलं. मी त्याच्यावर बसले. थोड्या वेळानं कुणा पाहुण्याचं कुत्रं आलं आणि सोफ्यावर चढून झोपलं. त्याला कुणी काही बोललं नाही.

माझा धंदा माणसं मिळवून द्यायचा. अलिबागला एसटी स्टँडमागे माझा गाळा होता. पनवेलच्या एका एजन्सीत काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली खपले, मग स्वतःचा बोर्ड लावला. किनाऱ्यावर हॉटेलं, रिसॉर्ट, मुंबईकरांचे बंगले उगवलेत, त्यांना माणसं लागतात. आणि माझ्या वस्तीत, आजूबाजूच्या गावांत शिकलेली पोरं घरी बसलेली. दोघांची गाठ घालून द्यायची. नोकरी लागणाऱ्याकडून मी छदाम घेत नाही. गरिबाच्या पोराला नोकरीचं गाजर दाखवून त्याच्याच आईचं मंगळसूत्र विकायला लावणारे एजंट मी खूप बघितलेत, थू त्यांच्यावर. माझी फी कंपनीनं द्यायची. एका माणसामागे त्याचा एक पगार. तसा करार असतो, सह्या असतात. याच्याशीही होत्या.

या साहेबाला रिसॉर्ट उघडायचं होतं तेव्हा दिवसातून दहा फोन. "मॅडम, तुमच्याशिवाय कोण आहे आम्हाला?" मी चौलपासून बोर्ली पंचतनपर्यंत गावं पालथी घातली. आमच्या बुद्धविहारात सतरंजी घालून मुलाखतींची तयारी करून घेतली. मुलींच्या आयांना समजावलं, रात्रपाळीला न्यायला-आणायला गाडी द्यायचं साहेबाकडून कबूल करून घेतलं. स्वयंपाकी दिला, वेटर दिले, खोल्या आवरणाऱ्या मुली दिल्या, माळी दिला. रिसॉर्ट उघडलं ते माझ्या माणसांवर.

करार झाला त्या दिवशी कागदावर घालायला त्यानं माझं नाव विचारलं. मी सांगितलं. मग आडनाव. तेही सांगितलं. मग गाव. चौल म्हटलं.

"चौलमध्ये नक्की कुठे?"

हा प्रश्न आम्हाला पाठ आहे. नकाशा बघायला नाही विचारत कुणी. मी आमच्या वस्तीचं नाव ठणठणीत आवाजात सांगितलं. तो "अच्छा, अच्छा" म्हणाला, आणि त्या मिनिटापासून मॅडमची 'अगं' झाले. वयानं माझ्याएवढाच असेल. मॅनेजरला तेवढं मॅडम चालू ठेवायला सांगितलं असावं, मला थोपवायचं काम त्याच्याकडे होतं ना.

बिल पाठवलं. उत्तर नाही. परत पाठवलं. साहेब रो-रो बोटीनं मुंबईला गेलेत. साहेब मीटिंगमध्ये आहेत. अकाउंटवाला सुट्टीवर आहे. माळी सोडून गेला, म्हणून सगळं बिल अडवलं. मी त्याच्या जागी दुसरा दिला, फुकट, करारात होतं तसा. तरी घोडं अडलेलंच. चपला झिजल्या माझ्या त्या रस्त्यावर. इकडे गाळ्याचा मालक रोज शटरसमोर येऊन उभा राहायचा. भला माणूस होता बिचारा, पण त्यानं तरी किती थांबायचं? "या महिन्यात भाडं न्हाय मिळाला तर कुलूप लावतो, ताई," म्हणाला. ही एक फी आली असती तर गाळा वाचत होता. म्हणून मी त्या दिवशी गेले होते. आणि पेढे आणायचे राहिले, हे ऐकून परत आले.

पेढे! माझ्या कामाचे पैसे मागितले तर मी कृतघ्न. इंटिरियरवाल्याकडे मागितले का यानं पेढे? एसीवाल्याकडे? ते आले, पैसे मोजून घेऊन गेले. माझंच काम तेवढं समाजसेवा. का, तर मी 'माझ्या लोकांना' लावलं. याला वाटलं, ही आपल्याच लोकांसाठी पदर पसरायला आली होती, आपण चार दाणे टाकले.

मग त्याच महिन्यात, एप्रिलात, मॅनेजरचा फोन. स्वर एकदम गुळचट. "मॅडम, जयंतीनिमित्त रिसॉर्टवर कार्यक्रम आहे. तुमचा सत्कार ठेवलाय. साहेब स्वतःच्या हातानं पाकीट देणार आहेत."

"पाकिटात माझी फी आहे ना?" मी सरळच विचारलं.

"अहो या तर खरं. साहेबांनी सगळं मनावर घेतलंय."

मी आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला. म्हणाले, "पोरीचा सत्कार हाय, मी येनार." वस्तीतली मिरवणूक संध्याकाळी होती. सकाळी दोघं स्कूटीवर गेलो, दारातच साहेबाशी आबांची ओळख करून दिली.

लॉनवर मंडप. फोटोला हार, हाराला निळी रिबीन. मागे बॅनर, त्यावर साहेबाचा फोटो हार घातलेल्या फोटोपेक्षा मोठा. मुंबईहून आलेले त्याचे मित्र गॉगल लावून बसलेले. पुढे दोन कॅमेरेवाले. मी लावलेली पोरं गणवेशात मागे उभी, त्यांना टाळ्या कधी वाजवायच्या ते मॅनेजर हातानं दाखवत होता. अंगाची नुसती लाही झाली. पण पाकीट आहे, म्हणून गप्प बसले.

साहेबानं भाषण ठोकलं. वंचितांना आपण कसं जवळ घेतलं, किती कुटुंबांची चूल आपण पेटवली. जवळ घेतलं म्हणे! स्टुलावर बसवलं होतंस रे, चपलांपाशी.

माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेले. एका हातात पाकीट दिलं, एका हातात नारळ, आणि कॅमेऱ्याकडे बघत तो शाल उलगडायला लागला. पाकीट हाताला पातळ लागलं. मी नारळ टेबलावर ठेवला आणि तिथंच पाकीट फाडलं.

आत कुपन होतं. त्यांच्याच रिसॉर्टचं. एका रात्रीच्या मुक्कामावर वीस टक्के सूट. खाली बारीक अक्षरात, शनिवार-रविवार सोडून.

खरं सांगते, मला हसूच आलं. आणि त्याच वेळी डोळ्यांसमोर आले आमचे आबा, चाळिशीतले.

आबा सुपारीच्या वाडीत मुकादम होते. सुपाऱ्या काढायला चढणारी माणसं त्यांनी जमवायची. भल्या पहाटे दारोदार फिरून गडी गोळा करायचे, कोण आजारी, कोण रुसलेला, सगळं आबांनी निस्तरायचं. गड्यांची मजुरी मालक द्यायचा. आबांची मुकादमी कधीच नाही. दिवाळीला बोलवायचा. मी सात-आठ वर्षांची, त्यांचं बोट धरून गेले होते. मालक ओटीवर, आम्ही खाली अंगणात. त्यानं वरून एक शाल आणि नारळ आबांच्या पसरलेल्या हातांवर टाकला. हात हाताला लागू नये इतक्या वरून. शालीला कसर लागलेली, भोकं पडलेली. आबा कमरेत वाकले. वाटेत मला म्हणाले, "मोठ्या मनाची मानसं हायत, आठवन ठेवतात." ती शाल आबा लग्नाकार्यात पांघरायचे. भोकं आत येतील अशी घडी घालून.

आबा माणसं जमवायचे, त्यांना शाल. मी माणसं जमवते, मला शाल. मध्ये मी बी.कॉम. झाले, मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला, करार केले, जीएसटी भरला. या साहेबाच्या लेखी त्यातलं काही घडलंच नव्हतं. मी अजून अंगणातच होते, हात पसरून.

शाल खांद्याला लागणार तेवढ्यात मी मागे सरले. माईक त्याच्यासमोर होता, तो घेतला.

"ह्या पाकिटात माझी फी नाही," मी म्हटलं. "सवलतीचं कुपन आहे. मी इथं राहायला आले नव्हते, मी इथं काम केलंय. इथं टाळ्या वाजवतात ती सगळी माणसं मी आणलीत. त्याचं बिल तुम्ही थकवलंय. शाल नको. माझी फी द्या."

टाळ्या बंद. साहेबानं माईकवर हात ठेवला. दात ओठ खात, पण हसरा चेहरा तसाच, "आजच्या दिवशी तरी असं नको."

"आजच्याच दिवशी," मी म्हटलं.

तो बिलंदर. त्याला वाटलं, पोरगी आगाऊ आहे, बाप जुना माणूस, तो सांभाळून घेईल. शाल घेऊन स्टेजवरून उतरला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आबांकडे गेला. "ताई भावनेच्या भरात बोलल्या. आपण आबांचा सत्कार करू." आणि शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. कॅमेरेवाले धावले.

आबांचे हात सवयीनं जुळले. आबा, नका ना, मी मनातल्या मनात ओरडत होते. मग त्यांनी जुळलेले हात सोडवले. शाल उतरवली, तिची घडी घातली, साहेबाच्या हातात दिली.

"शाल हाय माज्याकडं," आबा म्हणाले. "जुनी हाय, पन हाय. पोरीच्या कामाचं पैसं द्या."

मागे गणवेशातली एक पोरगी टाळी वाजवून बसली. मॅनेजरनं हात दाखवला नव्हता.

पैसे त्या दिवशी मिळाले नाहीत. महिनाअखेरीला गाळ्याला कुलूप लागलं. दोन हॉटेलवाल्यांनी मला काम देणं थांबवलं, बाई भांडखोर आहे म्हणे. असू दे. बोर्ड काढून घरी आणला, चौलच्या पडवीत लावला. लावायच्या आधी आबांनी पेटीतून ती कसर लागलेली शाल काढली, टराटरा फाडली आणि एक तुकडा माझ्या हातात दिला. "बोर्ड पूस," म्हणाले. अजून मी त्यानंच पुसते. वकिलाची नोटीस पाठवली, मग अलिबागच्या कोर्टात दावा लावला.

पावसाळ्यानंतर त्याच्याकडची पोरं एकेक करून निघाली. कुणाला दुसरीकडे जास्त पगार मिळाला, कुणी नुसतीच वैतागून निघाली. आणि नवीन कुणी जाईना. मी कुणाला अडवलं नाही, मला विचारायला आले त्यांना फक्त घडलं ते सांगितलं. नाताळच्या तोंडावर फोन वाजला. साहेब स्वतः.

"मॅडम, नमस्कार. सगळं बुकिंग फुल आहे हो, आणि खोल्या आवरायला माणूस नाही. झालं गेलं विसरून जाऊ. अर्धी रक्कम तुमच्या खात्यावर आत्ताच पाठवलीय. ॲडव्हान्स समजा."

अगंची परत मॅडम झाले होते. मी खातं बघितलं. रक्कम आली होती.

"हा ॲडव्हान्स नाही," मी म्हटलं. "ही माझी थकलेली फी आहे. अर्धी आली. उरलेली कोर्टात घेईन."

"बरं, घ्या. पण माणसं? किती देऊ शकाल?"

"एकही नाही."

"उरलेलीही आज पाठवतो. मग?"

"पाठवा. ती मागच्या कामाची. पुढचं काम मी तुमच्यासाठी करणार नाही."

उरलेली त्यानं पाठवली नाहीच. ठाऊक होतं मला, ही जात पैसे सुटण्याला नाही, माज उतरण्याला घाबरते.

नव्या कंपनीत गेले की मी आधी खुर्ची ओढून बसते, मग बोलते. अर्धी फी अगोदर, अर्धी माणूस रुजू झाल्यावर. कुणी शाल-नारळाची भाषा केली की मी उठते. कोर्टात तारखा पडतायत. त्याचा वकील दर वेळी पुढची मागतो, त्याला वाटतं मी कंटाळेन. मी कंटाळणार नाही. पडेल त्या तारखेला जाईन आणि शेवटचा रुपया त्याच्या हातातून काढून घेईन. आणि तो घेतल्यावरही त्याच्या दारात माझ्या हातून एक माणूस जाणार नाही.