दुसरी स्प्रिंग

ब्रेकमामाचा हात अख्ख्या कारखान्यात प्रसिद्ध होता, कारण तो पुष्कळांच्या गालावर बसलेला होता. त्याचं काम पॉवर प्रेसची देखभाल करण्याचं. प्रेसमधला लोखंडी ठोकळा दणकन खाली येतो, पत्र्याचं झाकण कापतो आणि वर जातो. दोन हातांनी दोन वेगळी बटणं दाबली तरच तो खाली यावा अशी सोय असते, म्हणजे हात आपोआप साच्याबाहेर राहतात. पण घाई असली की माणसं एका बटणात काडी खुपसतात आणि एका हाताने काम उरकतात. अशी काडी दिसली की ब्रेकमामा आधी प्रेस बंद करायचा आणि मग थोबाडीत द्यायचा.

प्रेस चालवणाऱ्या दाढीवाल्याने दोनदा मार खाल्ला होता. दुसऱ्या खेपेला ब्रेकमामाने त्याला कॉलर धरून फरफटत बाजूला नेलं. "दोन दिलीत ती कशाला दिलीत? शोभेला?" असं विचारत एक ठेवून दिली, त्यात त्याचा ओठ फुटला. दाढीवाला रक्त थुंकून म्हणाला, "मामा, तुमच्यापेक्षा प्रेस मायाळू आहे." सगळे हसले. ब्रेकमामा हसला नाही.

त्याने घरातच फार मोडतोड पाहिली होती. आईच्या डोक्यात गाठ झाली, तेव्हा ती भिंतीवर डोकं आपटून घ्यायची आणि तिला दोघांनी धरून ठेवावं लागायचं. हाडातल्या गाठीपायी धाकट्या भावाचा पाय चौदाव्या वर्षी मांडीपासून कापला, तरी तो वाचला नाही. बहीण छातीच्या कर्करोगाने चौतिसाव्या वर्षी गेली. ब्रेकमामा मात्र पंचावन्न वर्षांचा होऊनही ठणठणीत. "आजार मला टरकतो," असं तो म्हणायचा. खरं म्हणजे टरकायचा तोच. लेक नुसती खोकली तरी तिच्यावर खेकसायचा.

ती लेक, आता अठ्ठावीस वर्षांची आणि वेगळी राहणारी, आपल्याच घरात एवढ्या गाठी का हे विचारायला त्याला ओढतच इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन रेघा ओढल्या.

"प्रत्येक पेशीत एक राखणदार जनुक असतं. पेशीत बिघाड झाला तर ते तिला दोनाच्या चार होऊ देत नाही. आधी थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती होणारी नसेल तर तिला मरायला लावतं. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. तुमच्या घरात त्यातली एक जन्मतःच मोडकी येत असावी."

"मग दुसरी?"

"दुसरी काम करते. कित्येक वर्षं करते. पण एखाद्या पेशीत तीही मोडली की त्या पेशीला अडवणारं फारसं कोणी उरत नाही. तिच्या दोन, दोनाच्या चार. शेजारच्या पेशींना दाबत, चिरडत गाठ वाढत जाते. नेमकी मोड कुठे आहे ते तुमच्या रक्तात शोधू. मग लेकीच्या रक्तात तेवढंच बघता येईल. तिच्यात निघालीच, तर दर वर्षी तपासण्या करून गाठ लहान असतानाच पकडू."

"म्हणजे मीच माझ्या पोरीला मारायला काढलंय, असंच ना?" ब्रेकमामाने खुर्चीला लाथ घातली. खुर्ची कपाटावर आदळली आणि काचेचा चुरा झाला. लेक खाली वाकून काचा वेचायला लागली, तसं त्याने तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

त्यानंतर आठ महिने तिने त्याच्याकडे येऊन विषय काढला की घरात काहीतरी फुटायचं. कप फुटले, आरसा फुटला, एकदा त्याने स्वतःचीच मूठ दारावर फोडून घेतली. "पंचावन्न वर्षं चाललोय ना मी? मग झालं तर," एवढंच त्याचं उत्तर. लेकीच्या रक्तात काय निघेल त्यापेक्षा आपल्या रक्तात काय निघेल, याने त्याची झोप उडाली होती.

अशात एका गुरुवारी प्रेसच्या ब्रेकची एक स्प्रिंग तुटली. ठोकळ्याला वर थोपवून धरायला तिथे दोन स्प्रिंगा असतात. माल तातडीचा होता, नवी स्प्रिंग बसवायला दिवस मोडणार होता. ब्रेकमामाने हात लावून पाहिलं आणि म्हणाला, "दुसरी धडधाकट आहे. रविवारी बदलू." काडीसाठी ओठ फोडणारा माणूस हे बोलला, आणि आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

शनिवारी दुपारी दुसरी तुटली. दाढीवाल्याने दोन्ही बटणं नियमाने दाबली, झाकण कापलं गेलं, ते काढायला त्याने हात आत घातला आणि वर थांबायला हवा होता तो ठोकळा न थांबता पुन्हा खाली आला. आवाज नेहमीच्या ठोक्यासारखाच झाला. मग किंकाळी. पत्र्यावर चार बोटं कापून पडली होती, झाकणाइतकीच स्वच्छ. ब्रेकमामाने आपला शर्ट फाडून मनगट आवळलं, तर गरम रक्ताची चिळकांडी त्याच्या तोंडावर उडाली. त्याचं 'रविवारी बदलू' संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं, लेकीच्याही कानावर गेलं.

चौथ्या दिवशी तो डॉक्टरीणबाईंच्याच इस्पितळात दाढीवाल्याला भेटायला गेला. दाढीवाल्याने त्याला खुणेने जवळ बोलावलं आणि धड राहिलेल्या हाताने अशी सणसणीत ठेवून दिली की तो पलंगाच्या दांडीवर आपटला.

"दोन दिलीत त्या कशाला दिलीत, मामा?" दाढीवाला म्हणाला. "शोभेला?"

ब्रेकमामाच्या भुवईतून रक्त वाहत होतं. तो तसाच दोन मजले उतरला आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर दंड ठेवून म्हणाला, "घ्या." बाईंनी आधी भुवईला टाका घातला, मग रक्त घेतलं.

त्याच्यात एक प्रत मोडकी निघाली. लेकीतही तीच निघाली. मग तिच्या सगळ्या अंगाची तपासणी झाली, तेव्हा छातीत सुपारीएवढी गाठ दिसली.

"काढता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळेत आलात असंच समजू."

"आठ महिन्यांपूर्वीच रक्त दिलं असतं तर?" लेकीने विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"मला येतं," ब्रेकमामा म्हणाला. "तेव्हा लहान असती. कदाचित नसतीच."

इस्पितळाच्या जिन्यात लेकीने त्याला मारलं. आधी छातीवर, मग तोंडावर, दोन्ही मुठींनी. भुवईचा टाका उसवला. लोक धावून आले तसं ब्रेकमामाने हात आडवा करून त्यांना अडवलं. तिला मात्र तो थांब म्हणाला नाही. आईला धरलं होतं त्या हातांनी त्याला तिलाही धरता आलं असतं. त्याने ते हात मागे बांधून घेतले आणि ती दमेपर्यंत मार खाल्ला.

दमल्यावर ती पायरीवर बसली. तिच्या मुठींना त्याचं रक्त लागलं होतं, ते तिने ओढणीला पुसलं.

"सोमवारी ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "सकाळी सातला न्यायला या, बाबा. रविवारी बदलू म्हणालात तर याद राखा."

सोमवारी तो साडेपाचलाच तिच्या दारात उभा होता.