साठच्या वर न जाणारा सुखदेव

पुण्यात कुणी नवी गाडी घेतली की लोक आधी पेढा तोंडात टाकतात आणि तो गिळायच्या आत विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" रंग, किंमत, बसायला ऐसपैस आहे की नाही, हे सगळं त्यानंतर. अशा शहरात सुखदेव इंगोले हा माणूस खरं तर डोक्यावर घ्यायला हवा होता. पण त्याची सगळ्यांनी चेष्टाच केली.

सुखदेव ड्रायव्हर होता. मूळचा वाशीमकडचा, कारंज्याजवळच्या एका खेड्यातला. पोटासाठी पुण्यात आला, काही वर्षं ट्रक चालवला, काही वर्षं टेम्पो, आणि शेवटी वाघोलीच्या गेनबाशेठच्या इंडिकावर येऊन टेकला. गेनबाशेठ नगर रस्त्याला लागून असलेलं वावर कॉलेजवाल्यांना विकून शेठ झाले होते. त्या पैशातून त्यांनी चार गाड्या घेतल्या आणि दारावर 'टुर्स अँड ट्रॅव्हल्स' अशी पाटी लावली. अंगातला शेतकरी मात्र गेला नव्हता. बैलाला वैरण घालताना जसे स्वतः उभे राहायचे, तसे डिझेल भरताना पंपावर स्वतः उभे राहायचे. टाकी गळ्यापर्यंत भरायची, गाडी मुंबईला जाऊन आली की पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि किती बसलं ते बघायचं. बाकीचे तीन ड्रायव्हर या वेळी इकडेतिकडे बघत उभे राहत. सुखदेव नाही. त्याच्या गाडीत बसायचं ते नेहमी सगळ्यांत कमीच बसायचं.

"आरं सुखदेवा," गेनबाशेठ म्हणायचे, "तू ढकलत नेतोस का काय गाडी? डिझेल पितीया का नुसती वास घेतीया?"

यात जादू काहीच नव्हती. एक्सप्रेसवे नवा कोरा होता, सगळ्यांना पंख फुटले होते, आणि सुखदेव त्या गुळगुळीत रस्त्यावर डावीकडच्या लेनमध्ये, ट्रकांच्या रांगेत, साठनं चालत राहायचा. काटा साठवर आला की पाय जिथल्या तिथे. ब्रेक कमी, दाबादाबी नाही, वरचा गिअर आणि इंजिन आपल्या मनानं गुणगुणतंय. कुणी विचारलंच तर तो सांगे, "साठपर्यंत वारा वाट देते. ऐंशीच्या पुढं गाडी वाऱ्याशी भांडते साहेब. जेवढी जोरात न्याल तेवढं भांडण मोठं, अन् भांडणाचं डिझेल आपल्याच टाकीतून जाते." हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ट्रकवर असताना कळलं आणि मग अंगात भिनलं. पुढे पुढे त्याला साठच्या वर जाणं जमेनासंच झालं. घरीसुद्धा तो तसाच होता. बोलणं हळू, जेवणं हळू, रागही हळूहळू येणार आणि पोचायच्या आत विरून जाणार.

त्या वर्षांत गेनबाशेठच्या गाड्यांना मुख्य काम एकच होतं. पुण्यातली पोरं अमेरिकेला जात होती आणि त्यांना मुंबईच्या विमानतळावर सोडायचं होतं. मागे पोरगा किंवा पोरगी, शेजारी आई, पुढे वडील, डिकीत दोन अवजड बॅगा आणि वर टपावर तिसरी. जाताना गाडीत सूचनांचा पाऊस. येताना दोन माणसं आणि शब्द नाही. सुखदेवनं अशा किती फेऱ्या केल्या याचा हिशोब त्यानंही ठेवला नव्हता.

नवी पेठेतल्या रंगनाथराव जोशींचं घर ठरलेलं गिऱ्हाईक. त्यांची मुलगी नम्रता दर वर्षी दिवाळीला यायची आणि परत जायची. दर वेळी फोन करून ते बजावायचे, "सुखदेवच हवा." आणि दर वेळी गाडीत बसून त्याचीच टोपी उडवायचे. "सुखदेव, आत्ता एक बैलगाडी आपल्याला ओलांडून गेली. तुमचं लक्ष नव्हतं, म्हणून कानावर घातलं." सुखदेव हसायचा. त्याला वाटायचं, चेष्टा करतात पण मागवतात मलाच, म्हणजे माणसाला कामाची पारख आहे.

एकदा नम्रताला सोडून परतताना घाट चढून झाल्यावर जोशीकाकू मागून एकदम म्हणाल्या, "सुखदेव, आता न्या थोडी जोरात. आता काही उपयोग नाही."

त्याला कळेना. त्यानं आरशातून पाहिलं.

"तुम्हाला काय वाटलं, डिझेल वाचतं म्हणून आम्ही तुम्हाला मागवतो? तुमचं डिझेल वाचलं काय आणि सांडलं काय, आम्हाला भाडं तेच." काकूंनी पदरानं चष्मा पुसला. "तुमच्या गाडीत मुलगी आमच्याजवळ तासभर जास्त राहते. घरात ती चार आठवडे असते, पण सतत कुणीतरी येतं, नाहीतर ती कुठेतरी जाते. इथे तिला उठून जाता येत नाही."

रंगनाथराव काचेबाहेर बघत राहिले. 

सुखदेव जरा हिरमुसला. इतकी वर्षं ज्याला तो आपल्या हाताचं कसब समजत होता, ते लोक जास्तीचा वेळ म्हणून विकत घेत होते. पण दोन दिवसांनी तेच वाक्य त्याच्या मनात दुसऱ्या बाजूनं शिरलं आणि तिथे घर करून बसलं. कारण त्यालाही एक मुलगा होता.

श्याम गेनबाशेठच्या जुन्या वावरावर उभ्या राहिलेल्या कॉलेजातच इंजिनिअर झाला आणि हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला. बापलेक वाघोलीच्या त्याच दोन खोल्यांत राहत, पण भेट जवळजवळ नाहीच. सुखदेव ड्युटीवरून यायचा तेव्हा पोरगा झोपलेला, पोरगा निघायचा तेव्हा हा झोपलेला. सुट्टीच्या दिवशी श्यामच्या कानात वायर आणि तोंडात इंग्रजी. भांडण कधी झालं नाही. भांडायलासुद्धा समोरासमोर बसावं लागतं. कंपनी कधीतरी श्यामला बाहेर पाठवणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सुखदेव त्या दिवसाची वाट बघत होता आणि त्याला भीतही होता. त्या दिवशी पोरगा त्याच्या शेजारच्या सीटवर बसणार होता. वाघोलीपासून विमानतळापर्यंत, साठनं, चांगले साडेचार तास. तेवढ्यात त्याला एकच गोष्ट विचारायची होती. रिकामी गाडी घेऊन परतताना तो शेजारच्या सीटला ती विचारूनही बघायचा. "श्याम, वापस येशीन ना बापा?" सीट काही बोलायची नाही, पण निदान आवाज कापत नाही एवढी खात्री व्हायची.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात श्यामचं जाणं ठरलं. सुखदेवनं गेनबाशेठकडे ती फेरी मागून घेतली. शेठनं दिली, वर पहाटे मुंबईला उतरणारं एक गिऱ्हाईक परतीला जोडून दिलं, म्हणजे गाडी मोकळी यायला नको. त्याची बायको वेणू येणार नव्हती. तिला गाडीत पहिल्या वळणालाच उलटी व्हायची. दुपारी श्याम बॅगा ठेवत असताना तिनं नवऱ्याला दाराआड ओढलं.

"त्याले इचारा," ती म्हणाली. "मी इचारलं तं मले रडू येईन. तुमी इचारा. काय म्हणते ते मले येऊन सांगा, जे म्हणीन ते."

"इचारतो," सुखदेव म्हणाला.

गाडी निघाली. शहर ओलांडेपर्यंत सुखदेवनं तोंड उघडलं नाही. ते बोलणं सिग्नलवर, हॉर्नच्या गोंगाटात उरकायचं नव्हतं. एक्सप्रेसवेचा टोल भरला, काटा साठवर आणला, पाय स्थिर केला आणि घसा खाकरला. तेवढ्यात श्यामचा मोबाइल वाजला. कंपनीतली आणखी तिघं त्याच विमानानं निघाली होती, कंपनीच्या मोठ्या गाडीतून.

"अरे यार, कुठे पोचलात? खालापूर? शिट. आम्ही अजून तळेगावला." फोन ठेवून त्यानं बापाकडे पाहिलं. "बाबा, ते लोक खूप पुढे गेलेत. जरा दाबा ना."

"टाइम हाये बेटा. आरामात पोचतो."

"बाबा, प्लीज. सगळे चेक-इन करून बसतील आणि मी एकटा मागून धावत येणार. पहिल्यांदा चाललोय मी. त्या ट्रकच्या मागून निघा ना, प्लीज."

त्याच्या आवाजात भीती होती. चार वर्षांचा असताना शाळेच्या फाटकात होती तशीच, अगदी तीच. ती ऐकली आणि सुखदेवचा पाय खाली गेला. काटा ऐंशीवर गेला, मग शंभरवर, मग त्याच्याही पुढे. इंडिकाच्या काचा थरथरायला लागल्या, टपावरची बॅग वाऱ्यात घोंघावू लागली. साठला जी गाडी कुजबुजलेलं ऐकू देई, तिच्यात आता ओरडल्याशिवाय ऐकू गेलं नसतं, आणि असं काही ओरडून विचारता येत नाही. शिवाय सुखदेवला इतक्या वेगाची सवयच नव्हती. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर. एकशे दहा. घाटात गाडी हळू झाली तेव्हा श्याम डोळे मिटून पडला होता. चेंबूरच्या सिग्नलला सुखदेवनं तोंड उघडलं, "श्याम, एक इचारू का", आणि पुन्हा मोबाइल वाजला.

विमानतळावर ते साडेतीन तासांतच पोचले. मित्रांचा पत्ता नव्हता. ते वाटेत वडापाव खायला थांबले होते. अजून कितीतरी वेळ हातात होता, साठनं आले असते तरी उरला असता, पण दारासमोर गाडी उभी करू देत नव्हते. हवालदार शिट्टी मारत मारत यांच्याच दिशेनं येत होता. बॅगा खाली उतरल्या. श्याम वाकला, बापाच्या पायाला हात लावला आणि उठला तेव्हा हसत होता. तोंडावरची भीती पार गेली होती.

"बाबा, सही चालवली! तुम्हाला येते की अशी फास्ट चालवता. उगाच इतकी वर्षं बैलगाडी करत होतात."

बापाच्या कामाबद्दल त्यानं जन्मात काढलेलं हे पहिलं कौतुक. सुखदेव काहीतरी म्हणणार तोच हवालदारानं बॉनेटवर हात आपटला, "चला, गाडी पुढे घ्या!" सुखदेव गाडीत बसला. आरशात पाहिलं तर श्याम ढकलगाडी घेऊन काचेच्या दारातून आत गेला होता. तिथे तिकिटाशिवाय कुणालाच सोडत नाहीत.

रात्र त्यानं पार्किंगमध्ये काढली आणि पहाटेचं गिऱ्हाईक घेऊन, साठनं, परत निघाला. पंपावर गेनबाशेठ उभेच होते. टाकी भरायला लागली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"एवढं?"

"जाताना जोरात नेली शेठ. एकशे दहानं."

"गप रं. तू आन एकशे दहानं? माप मारतोय ह्यो पंपवाला. थांब, दावतो त्याला." आणि शेठ खरोखरच भांडायला गेले. तासभर भांडले.

घरी वेणू उंबऱ्यातच बसली होती. पाणीही न देता तिनं विचारलं, "इचारलं काय?"

"नाही."

"काऊन?"

"टाइमच नाही भेटला वं. त्याले घाई होती. गाडी लय जोरात नेली म्या, बोलताच नाही आलं. साडेतीन तासात पोचलो बी."

वेणू त्याच्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, श्यामच्या वेळी तिला दवाखान्यात नेतानासुद्धा ज्यानं टेम्पो साठच्या वर नेला नाही, तो माणूस हे सांगत होता. तिचं तोंड हळूहळू उतरलं.

"नाही म्हणला ना तो?"

"अवं, म्या इचारलंच नाही."

"खोटं तरी नीट बोला. कालपासून गेलेले तुमी, अन् टाइम नाही भेटला म्हणता." तिनं डोळ्याला पदर लावला. "नाही म्हणला, अन् मले वाईट वाटीन म्हून लपवून राहिले."

सुखदेवनं शपथ घेतली. तिनं मान हलवली. त्यानं पंपावरचं भांडण सांगितलं, गेनबाशेठला विचार म्हणाला. तिनं चहा त्याच्यापुढे ठेवला आणि "बरं" म्हणाली. तापात बरळणाऱ्याला म्हणतात तसं. खोटं बोलणं त्या माणसाला कधी जमलं नव्हतं आणि आता खरं बोलणंही जमेना. त्या क्षणी त्याला आपल्या साऱ्या जन्माचा संताप आला. तो रागही नेहमीप्रमाणे हळूहळूच आला, पण या वेळी विरला नाही. चहा तसाच निवत राहिला.

रविवारी श्यामचा फोन आला. वेणूनं जेवणाचं विचारलं, थंडीचं विचारलं, कपडे कोण धुतं ते विचारलं, तेवढं एक सोडून सगळं विचारलं, आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला. घरात काहीही आवाज नव्हता. घाई नव्हती, कुणी शिट्टी मारत नव्हतं. सुखदेवनं फोन कानाला लावला आणि वेणूकडे पाहिलं. ती समोरच बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून, रडून झालेल्या बाईसारखी शांत. तिच्या तोंडाकडे बघता बघता त्याला वाटलं, विचारून झालंय, उत्तरही मिळून गेलंय.

"बाबा? ऐकू येतंय ना?"

"हो, येते," सुखदेव म्हणाला. "बोल."