उलटी धरलेली वही

आमचे आर्यामास्तर कविता कधी पूर्ण म्हणत नसत. अर्धा चरण म्हणायचा, डोळे मिटायचे आणि उरलेला अर्धा समोरच्याच्या तोंडून येईपर्यंत गप्प बसायचं. तुम्हालाही असा कुणी मास्तर लाभला असेल. माझ्यासारखं त्याच्याशी वागला नसाल, एवढंच.

कापसाला सोन्याचा भाव आला होता ती वर्षं. तिवशाकडच्या काळ्या रानानं बाबांना अमरावतीत घर दिलं, आणि दादानं मॅट्रिक व्हावं ही हौसही दिली. त्याला मराठी कविता, त्यातही आर्या, नि संस्कृत शिकवायला मास्तर रोज सकाळी ओसरीवर येत. कापसाच्या गाड्या खडखडत गेल्या की मास्तरांचा आवाज बुडे. मग म्हणत, "जाऊ द्या. कापूस जाईल, कविता बसून राहील."

मी अकरा वर्षांची. माजघरात दाराशी बसून वातींच्या कापसातली सरकी काढायची, कान ओसरीवर. अक्षरं दादाच्या टाकलेल्या कागदांवरून माझी मीच ओळखली होती. एकदा दादा अडखळला आणि उरलेला चरण माझ्या तोंडून निसटला.

"तू मधात काहून बोलून राहिली?" दादा चिडला.

"बोलू दे," मास्तर म्हणाले. "दाराआडून आला म्हणून चरण खोटा होत नाही."

दुसऱ्या दिवसापासून ते दाराला टेकून बसू लागले, आवाज चढवून. पुढे स्वतःच्या अक्षरात कवितांची एक वही लिहून त्यांनी उंबऱ्यावर ठेवली. "ज्याची असेल त्यानं घ्यावी." मी ती कापसाच्या टोपलीत लपवली.

मग अकोल्याची मंडळी मला पाहायला आली. मास्तर ओसरीवरच, दाराशी होते. होणाऱ्या सासूबाईंनी माझ्या हाताची सफाई बघायला टोपलीतून मूठभर कापूस उचलला. त्याबरोबर वही वर आली.

"पोरगी वाचते काय? आमच्यात नाही चालत, बाई. शिकलेली नवऱ्याले खाते." वही माझ्या हाती देऊन म्हणाल्या, "वाच बरं."

आई माझ्याकडे पाहत होती. मी वही उलटी धरली आणि मख्खपणे बघत राहिले.

सासूबाई हसल्या. "इले तर वरखाली समजत नाही."

"मग टोपलीत आली कशी?" बाबांनी विचारलं.

"मले काय मालूम. मास्तरनं टाकली असन."

हे मला कुणी पढवलं नव्हतं. परक्या पुरुषाची वही मुलीच्या टोपलीत, याचा अर्थ काय होतो ते मला कळत होतं. तरी बोलले.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "वही माझीच. चूक माझी. मुलीला अक्षरओळख नाही, हे मी सांगतो."

"उद्यापासून येऊ नका," बाबा म्हणाले.

जोडा पायात घालताना मास्तर अर्धा चरण म्हणाले आणि थांबले. सवयीनंच असेल. रस्त्यावर तेव्हा एकही गाडी नव्हती. उरलेला चरण माझ्या ओठांवर होता. मी सरकी काढत राहिले. दुसऱ्या पायातला जोडा त्यांनी फार सावकाश घातला.

लग्न झालं. अकोल्यात मी चोरून वाचत राहिले, आणि यजमान साठी ओलांडून, नातवंडं पाहून गेले. मास्तर चांदुराकडे गेल्याचं कानावर आलं. मी कधी चौकशी केली नाही. कोणत्या तोंडानं करणार?

आता नातीचा कवितेचा अभ्यास घेते. ती अर्ध्यावर अडखळली की उरलेला चरण मीच म्हणून टाकते.

"आजी, जराशी थांब ना," ती कुरकुरते. "मले येते."

तिला येतं, ठाऊक आहे. पण तेवढं थांबणं मला सोसत नाही.